चौतीस अधिक तेरा

२८ मे २०१९, मंगळवार. सकाळी अकरा वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी बिरोबाच्या माळावरचा आमचा साठ फुटी टॉवर पडला. दऱ्याप्पा लवटे त्या वेळी पंचेचाळीस फुटांवर होता. त्याचा कमरेचा पट्टा टॉवरला बांधलेला होता, त्यामुळे त्याला उडी मारता आली नाही.

टॉवरला धरून ठेवणारा दक्षिणेकडचा ताण, म्हणजे तारेचा दोर, ज्ञानदेव गिड्डे यांनी घणाने तोडला. तीन घाव घातले. मी वीस पावलांवर होतो.

मी तेव्हा संपतराव हसबे यांच्याकडे नोकरीला होतो. विट्याहून खानापूरच्या घाटमाथ्यावरच्या गावांना हवेतून इंटरनेट पोचवायचा त्यांचा धंदा. एका डोंगरावर एक डिश, समोरच्या डोंगरावर दुसरी, दोघींची तोंडं समोरासमोर. कुठली डिश कुठं लावायची, कुठल्या चॅनलवर चालवायची आणि किती पॉवरवर, हे ठरवायचं काम माझं. उघड्यावरच्या अशा जोडणीला सरकारी मर्यादा आहे. रेडिओची पॉवर आणि डिशची ताकद यांची बेरीज छत्तीसच्या पुढं जाता कामा नये. छत्तीस म्हणजे चार वॅट. यात दर तीनला ताकद दुप्पट होते, म्हणून दोन-तीन आकड्यांची चूकही लहान नसते.

ज्ञानूमामा गिड्डे आमचे प्रतिस्पर्धी. पन्नाशीचा माणूस, शिक्षण नववी. केबल टीव्हीच्या जमान्यापासून खांबावर चढत आलेला. त्यांचा धंदा आमच्या दहाव्या हिश्शाचाही नव्हता. घाटावरच्या सात दूध संकलन केंद्रांची लाइन त्यांच्याकडे होती, आणि जवळजवळ तेवढीच होती. केंद्रावर दूध मोजलं, फॅट काढली की आकडा तिथल्या तिथं डेअरीच्या मशिनवर जायचा. लाइन गेली की मोजणी थांबायची आणि किटल्यांची रांग लागायची.

माळावर आमचा टॉवर आणि मामांचा खांब यांच्यात दोनशे फुटांचं अंतर. आणखी दोघांचे खांब होते. एकमेकांच्या लाइनी एकमेकांवर चढू नयेत म्हणून चौघांनी मिळून एक रीत पाडली होती. बिरोबाच्या देवळात दाराआड एक पत्र्याची पेटी, पेटीत एक वही. माळावर कुणी काहीही बदललं, तर त्याच दिवशी चपला काढून आत जायचं आणि वहीत लिहायचं: तारीख, चॅनल, दिशा, डिश, पॉवर. लिहून झालं की पानावर चिमूटभर भंडारा टाकायचा. चार वर्षांत त्या वहीवरून एकदाही भांडण झालं नव्हतं.

१७ मेच्या वादळात आमची डिश उडाली. त्याच दुपारी मी नवी चढवली, रेडिओवर तेरा पॉवर होती ती तशीच ठेवली, वहीत लिहिलं आणि खाली आलो. मामांची लाइन त्या संध्याकाळपासून तुटायला लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"शेटे साहेब, तुमचा आवाज वाढलाय."

"कसला आवाज, मामा?"

"डिशचा. माजी लाइन मराय लागलीया."

"मामा, वाऱ्यानं तुमची डिश हलली असेल. एकदा चढून बघा."

त्यांनी चढून बघितलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी उतरताना पाय निसटला आणि दोन्ही तळहात सोलून निघाले. लाइन तशीच राहिली.

२१ तारखेला सकाळी वाघदऱ्याच्या केंद्रावर सव्वा तास मोजणी बंद पडली. मामा रेडिओ बघायला तिथं गेले होते. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "ए गिड्ड्या, दूध नासलं तर तुज्या बापाच्या घरात वतू का?" मामांनी वळून काही उत्तर दिलं. पुढच्या क्षणी पितळी किटली त्यांच्या डोक्यात बसली. चार टाके पडले. टाके घालून ते परत केंद्रावर गेले आणि संध्याकाळच्या मोजणीला उभे राहिले. डेअरीच्या माणसानं त्यांना तिथंच सांगितलं, ३० मेच्या गुरुवारपर्यंत लाइन सरळ झाली नाही तर सातही केंद्रं दुसऱ्याला.

दुसरा म्हणजे हसबे, हे सगळ्या घाटाला माहीत होतं.

२४ तारखेला मामा आमच्या ऑफिसात आले. डोक्याला पट्टी, अंगात तोच शर्ट, खांद्यावर रक्ताचा डाग वाळलेला.

"पॉवर किती हाय?"

"तेरा. वहीत लिहिलीय."

"दाखव."

मी लॅपटॉप फिरवला. रेडिओच्या पडद्यावर बेरीज दिसत होती: छत्तीस. शेजारी हिरवा ठिपका.

"हे बघा. छत्तीस. मर्यादेत आहे."

"तुमचंच मशिन, तुमचाच आकडा. त्यात मी काय बघू?"

"मग मी दुसरं काय दाखवू, मामा?"

त्यांनी माझी कॉलर धरली आणि मला भिंतीवर आदळलं. मागचं कॅलेंडर खिळ्यासकट खाली आलं. "सात केंद्रं घ्यायची हायत न्हवं तुमास्नी? सरळ माग की! चोरून कशापायी घेतोस?" दऱ्याप्पा मध्ये पडला. त्यानं मामांना पाठीमागून कवेत घेऊन बाहेर नेलं. नेताना एकच वाक्य म्हणत होता, "मामा, सोडा. मामा, माज्यासाठी सोडा."

दऱ्याप्पाबद्दल सांगायला हवं. वय तेहतीस. खांबावर चढायला त्याला ज्ञानूमामांनीच शिकवलं. वयाच्या अठराव्या वर्षापासून तो त्यांच्याकडे होता. दोन वर्षांपूर्वी पगारासाठी आमच्याकडे आला, तो मामांना विचारून आला. नात्यानं मामा कुणीच नव्हते, पण दऱ्याप्पाच्या लग्नात मामाच्या जागी तेच उभे होते.

२६ तारखेला रविवारी हसबेंच्या दोन ड्रायव्हरांनी माळाच्या पायथ्याला मामांची मोटरसायकल अडवली. एकानं मामांचा डावा हात जीपच्या बॉनेटवर दाबून धरला, दुसऱ्यानं त्यावर लोखंडी पाना मारला. दोन बोटं मोडली. मी हसबेंना विचारलं तेव्हा ते जेवत होते.

"मी निस्तं समजावून सांगा म्हटलेलं," ते म्हणाले. "आमच्या माणसाची कॉलर धरतो म्हणजे काय? शेटे, तू जेवलास का?"

त्या संध्याकाळी दऱ्याप्पा मामांच्या घरी जाऊन आला. सोमवारी मला म्हणाला, "सायेब, मामा लबाड बोलणारा माणूस न्हाई. एकदा वर जाऊन बघूया. त्यास्नी बी बोलवतो. बिरोबाम्होरं बसून काय ते मिटवा. गुरुवार तोंडावर आलाय."

"हसबेंना काय सांगू?"

"नट आवळायला गेलो म्हनून सांगा. मी आवळतो की नट."

म्हणून आम्ही मंगळवारी माळावर गेलो. हसबेंना सांगितलं नाही.

आम्ही साडेदहाला पोचलो. मामा दहा मिनिटांनी आले. डाव्या हाताला फळी बांधलेली, मोटरसायकल एका हातानं चालवत आणलेली. सोबत कुणी नव्हतं. देवळाच्या ओट्यावर आम्ही तिघं बसलो. पुजाऱ्यानं चहा दिला.

मामा माझ्याशी बोलत नव्हते. दऱ्याप्पाकडं बघून बोलत होते.

"त्याला म्हनावं, मला मशिनीतलं कळत न्हाई. मला मान्सातलं कळतं. त्यानं भंडारा उचलावा."

"काय म्हणून उचलू?" मी विचारलं.

"पावर वाडवली न्हाई म्हनून."

दऱ्याप्पा म्हणाला, "उचला सायेब. तुमी वाडवलीच न्हाई तर भ्यायचं काय?"

अकरा वाजून पाच मिनिटांनी मी चपला काढून आत गेलो, मूठभर भंडारा उचलला आणि म्हणालो, "मी रेडिओची पॉवर वाढवलेली नाही. आधी तेरा होती, आजही तेरा आहे." मामांनी माझ्या मुठीकडं बघितलं, मग तोंडाकडं. मग त्यांनी स्वतःच्या उजव्या हातानं माझ्या कपाळाला भंडारा लावला.

"झालं," ते म्हणाले. "आता माज्याच डिशचं काय तरी झालं असंल. दऱ्या, मागनं जरा माज्या खांबावर चढतोस का? ह्या हातानं माजं जमायचं न्हाई."

"चढतो की. आदी आमचं नट आवळतो, मग तुमचं."

"तू अजून आमचं-तुमचं करतोस व्हय रं?"

दऱ्याप्पा हसला. मामाही हसले. अकरा दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

त्यानंतर मी वहीत त्या दिवशीची नोंद करायला देवळात गेलो. थोड्या वेळानं दऱ्याप्पा पट्टा बांधून आमच्या टॉवरवर चढला. मामा ओट्यावरच बसून होते. मी टॉवरच्या पायथ्याशी जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून उभा होतो.

अकरा अडतीसला मामांचा फोन वाजला. त्यांची बायको, कमलाक्का, खाली गावात लाइनीच्या मशिनच्या खोलीत बसलेल्या असायच्या. मामांनी फोन कानाला लावला, ऐकलं आणि फोन खिशात ठेवला. ते उठले, चालत माझ्यापाशी आले आणि बोलले. मी उत्तर दिलं.

त्यांनी मला मारलं. उजव्या हाताची मूठ, नाकावर. मी जीपच्या चाकापाशी पडलो. मला वाटलं ते माझ्यावर बसतील. त्यांनी बरगडीत एक लाथ घातली आणि मला सोडून दिलं. दऱ्याप्पाची अवजारं दक्षिणेच्या ताणापाशी पसरलेली होती. त्यातला घण मामांनी एका हातानं उचलला.

दऱ्याप्पा वरून ओरडला, "मामा! मामा, मी वर हाय!"

पहिला घाव काँक्रीटवर बसला. ठिणग्या उडाल्या. दुसरा ताण अडकवलेल्या लोखंडी आकड्यावर बसला आणि आकडा वाकला. दऱ्याप्पा पट्ट्याची कडी सोडवायला लागला होता, ते मला खालून दिसत होतं. तिसऱ्या घावाला आकडा निघाला. तार सापासारखी उसळली आणि मामांच्या मांडीचं मांस फाडून गेली. टॉवर आधी थोडा झुकला आणि थांबला. मग टॉवर पूर्ण गेला.

तो उताणा पडला होता, त्याच्यावर टॉवर. मी आणि मामांनी मिळून लोखंड उचललं. मामांच्या मांडीतून रक्त वाहत होतं आणि ते मोडक्या हातानंही उचलत होते. पट्टा कापून दऱ्याप्पाला जीपमध्ये घातलं. मी चालवत होतो, मामा मागं त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ते त्याला हाका मारत होते, "दऱ्या. दऱ्या. ए दऱ्या." घाटाच्या दुसऱ्या वळणावर हाका थांबल्या. घड्याळात बारा पंचवीस झाले होते. विट्याला दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी मृत घोषित केलं. मामा बाहेरच्या बाकावर बसून राहिले. पोलीस आल्यावर स्वतःच उठले.

त्या संध्याकाळी सातही केंद्रांवर दूध व्यवस्थित मोजलं गेलं. मामांची लाइन एकदाही तुटली नाही. मामा कोठडीत होते.

बुधवारी दुपारी हसबेंची माणसं गावात गेली. मामांच्या मशिनच्या खोलीवर रॉकेल ओतून त्यांनी ती पेटवली. कमलाक्का आतलं मशिन काढायला धावल्या, त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्या गुन्ह्यात कुणालाही अटक झाली नाही. गुरुवारी सातही केंद्रं हसबेंना मिळाली.

खटला दोन वर्षं आठ महिने चालला. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार मी एकटा. पुजारी आत होता, त्यानं फक्त आवाज ऐकला. सरकारी वकिलांनी मला क्रमानं विचारलं, मी क्रमानं सांगितलं. मग मामांचे वकील उभे राहिले. तरुण होते, माळावर स्वतः जाऊन आले होते.

"अकरा अडतीसच्या फोननंतर आरोपी तुमच्याजवळ आला. काय बोलला?"

"'काय केलंस?' असं विचारलं."

"तुम्ही काय उत्तर दिलं?"

"काही नाही."

"म्हणजे उत्तर दिलं नाही?"

"दिलं. 'काही नाही' असं उत्तर दिलं."

"आणि तुम्ही खरंच काही केलं नव्हतं?"

"नाही."

"दऱ्याप्पा वर कशासाठी गेला होता?"

"नट आवळायला."

मामा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बायकोचा फोन आला, लाइन आली म्हनून. म्हनून मला राग आला."

न्यायाधीशांनी हे दोनदा वाचून घेतलं. निकालपत्रात त्यावर एक परिच्छेद आहे. बंद पडलेली लाइन सुरू झाल्याची बातमी आरोपीच्या फायद्याची होती. त्यातून अचानक आणि गंभीर प्रक्षोभ होण्यासारखं काही दिसत नाही. मयत वर आहे हे आरोपीला दिसत होतं, त्याची हाक ऐकू येत होती. सबब खून. जानेवारी २०२२ मध्ये जन्मठेप झाली.

माझ्या साक्षीत पंचवीस मिनिटं नव्हती. ती आता लिहितो.

भंडारा उचलल्यावर मी नोंद करायला देवळात गेलो. वही उघडली. आदली नोंद माझीच होती, १७ मेची, माझ्याच अक्षरात. चॅनल, दिशा, मग डिशच्या रकान्यात चौतीस आणि पॉवरच्या रकान्यात तेरा. दोन आकडे शेजारी शेजारी. त्यावर भंडाऱ्याचा पिवळा डाग.

आमची उडालेली डिश तेवीसची होती. तेवीस आणि तेरा, छत्तीस. नवी डिश मोठी होती. तिच्या खोक्यावरचा आकडा मी वहीत उतरवला आणि रेडिओत उतरवायला विसरलो. रेडिओ डिश मोजत नाही. आपण सांगू तो आकडा धरतो आणि बेरीज करून हिरवा ठिपका दाखवतो. अकरा दिवस तो तेवीसच धरून बसला होता. खरी बेरीज सत्तेचाळीस होती. चार वॅटच्या जागी पन्नास वॅट, शेजारच्या चॅनलवर, दोनशे फुटांवरून. मामांच्या कानाशी आम्ही अकरा दिवस ढोल वाजवत होतो आणि मी त्यांना सांगत होतो, तुमचा कान तपासा.

मी दाराबाहेर बघितलं. मामा ओट्यावर पाय सोडून बसले होते. माझ्या कपाळाला त्यांनीच लावलेला भंडारा होता. शपथेतला शब्द न् शब्द खरा होता. पॉवर मी वाढवली नव्हती.

त्याच वेळी बाहेर जाऊन सांगता आलं असतं. दहा पावलं होती. मी वही मिटून पेटीत ठेवली.

मग मला वाटलं, वहीत लिहितानाच चुकलं असेल. डिशच्या पाठीवर कंपनीची चिठ्ठी असते. मी दऱ्याप्पाला हळूच म्हणालो, "नट आवळशील तेव्हा पाठीमागच्या चिठ्ठीवर काय आकडा आहे तेवढा बघ."

"कशाला सायेब?"

"बघ तर."

तो अकरा वीसला चढला. अकरा तेहतीसला वरून ओरडला, "चौतीस हाय!" मामांनी मान वर करून बघितलं. त्यांना त्या आकड्याचं काही वाटलं नाही.

मी लॅपटॉप उघडला. डिशच्या रकान्यात चौतीस टाकलं. रेडिओनं आपण होऊन पॉवर दोनवर आणली. अकरा छत्तीस. आमची लाइन पूर्वीइतकीच चालू राहिली. आमचं काहीच अडलं नाही, अकरा दिवस अडलं नसतं. माझा हिशेब असा होता की मामांची लाइन आता सुधारेल, दऱ्याप्पा त्यांच्या खांबावर चढून चार नट आवळेल, सगळे म्हणतील त्यानं दुरुस्त केली, आणि कुणाचंच काही जाणार नाही. फक्त ती दोन मिनिटांत सुधारेल हे मी धरलं नव्हतं. कमलाक्का पडद्याकडं बघतच बसलेल्या असतील, हेही नव्हतं.

"लाइन आली," त्या म्हणाल्या. मामांच्या खांबाला अजून कुणी हात लावला नव्हता. माळावर त्या क्षणी एकच माणूस मशिनला हात लावून उभा होता.

"काय केलंस?" मामांनी मला विचारलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मी बघितलं तर ते जवळजवळ आशेनं विचारत होते.

"काही नाही."

"भंडारा उचललास रं," ते म्हणाले. "भंडारा उचललास." मग त्यांनी मला मारलं.

हे वाक्य मी साक्षीत सांगितलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पुढं माझ्याकडून कळल्यावर त्यांच्या वकिलांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, देवाचं नाव कोर्टात कशाला.

हसबेंना मी त्याच रात्री सगळं सांगितलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या आकड्यानं लायसन जातंय. आणि तो काय दऱ्याप्पाला परत आणतोय? शेटे, तुज्या आकड्यानं टॉवर पडला न्हाई. घणानं पडला." मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणण्यापेक्षा, खरंच पटलं. ते खोटंही नव्हतं.

२०२२ च्या मार्चमध्ये मी नोकरी सोडली. ऑगस्ट २०२४ मध्ये मी मामांच्या वकिलांकडे गेलो आणि वरचं सगळं लिहून दिलं. त्यांनी तीनदा वाचलं.

"हे तेव्हा सांगितलं असतंत तर खून टिकला नसता," ते म्हणाले. "सदोष मनुष्यवध झाला असता. आत्तापर्यंत सुटले असते. तुमच्यावर खोट्या साक्षीचा खटला होईल, माहिती आहे ना?"

"आहे."

"अपील हायकोर्टात पडून आहे. नवा पुरावा दाखल करायचा अर्ज लागेल. त्यावर त्यांची सही लागेल. चला."

कळंब्याच्या तुरुंगात मामांनी दोनदा भेटायला नकार दिला. तिसऱ्यांदा आले. केस पांढरे झालेले, डाव्या हाताची दोन बोटं वाकडी. जाळीच्या पलीकडं बसले.

मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये थांबवलं नाही. संपल्यावर एकच विचारलं.

"किती होतं?"

"सत्तेचाळीस."

"आन पायजे किती?"

"छत्तीस."

त्यांनी मनात वजाबाकी केली. ओठ हलताना दिसले. "अकरा," ते म्हणाले. "कमलीला सांग. ती रोज म्हनायची, तुमास्नी भास हुतोय."

"सांगतो, मामा."

"तू तवा 'चुकलं मामा' म्हनला असतास तर मी तुला दोन ठिवून दिल्या असत्या. लई तर चार."

"हो."

वकिलांनी अर्ज जाळीखालच्या फटीतून पुढं सरकवला. पेनही दिलं. मामांनी कागद उलट करून बघितला, सुलट केला.

"ह्यात काय लिवलंय?"

"की तुम्हाला अचानक राग आला, तुमचा ताबा सुटला, आणि तो राग येण्यासारखं कारण होतं," वकील म्हणाले. "तेवढंच."

"कारण व्हतं," मामा म्हणाले. "पर पैला घाव चुकला. काँक्रीटवर बसला. दऱ्या वरनं म्हनला, मामा, मी वर हाय. मी ऐकलं. वर बघितलं. त्याचं तोंड दिसलं मला." त्यांनी उजवी मूठ कागदावर ठेवली. "मग दुसरा घातला."

वकील म्हणाले, "ते कोर्ट बघेल. तुम्ही फक्त सही करा."

"बघतो," मामा म्हणाले. त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. पेन परत दिलं. वेळ संपल्याची शिट्टी झाली.

ही भेट १२ सप्टेंबर २०२४ ची. त्यानंतर वकील दोनदा जाऊन आले. कागद मामांकडेच आहे, त्यावर सही झालेली नाही. अपील अजून सुनावणीला आलेलं नाही.